दुखण्याचा रकाना

आमच्या घरी पाहुणे फारसे यायचे नाहीत, पण विंचू चावलेली माणसं बारा महिने यायची. मुरुमहून कोसभर आत, ओढ्याच्या अलीकडं आमची वस्ती आणि वस्तीतलं पहिलं घर आमचं. कुणी बोंबलत पळत आलं की आधी आमच्या कोंबड्या ओरडायच्या. माय चुलीपुढून नुसती मान वर करायची आणि म्हणायची, "बघा, आलं कुनीतरी." मग बा हातातला हातोडा खाली ठेवून उठायचे. बा म्हणजे माझे वडील. ते दगडाचं काम करायचे. शेतांचे बांध घालायचे, विहिरी बांधायचे. दगड उचलणाऱ्याची आणि विंचवाची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. तरण्या वयात त्यांना स्वतःला इतक्यांदा चावला होता की दगडाखाली विंचू दिसला की ते म्हणायचे, "आला पावना." विंचू उतरवायची विद्या त्यांना त्यांच्या मामानं दिली होती. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बांनी मंत्र सोडला. आघाड्याचं मूळ मात्र सोडलं नाही. ते मूळ लोखंड न लावता, हातानं उपटायचं, ओढ्यावर धुवायचं आणि चुलीच्या वरच्या दिवळीत ठेवायचं. त्या दिवळीला आम्हा बहिणींनी हात लावायचा नव्हता.

कुणी आलं की बा त्याला ओट्यावर बसवायचे आणि खांद्यापासून खाली, अंगाला न टेकवता, मूळ फिरवायला लागायचे. फिरवता फिरवता विचारायचे, "कुठवर हाय?" "खांद्यापातूर." "आता?" "कोपरापातूर आलाय." "आता?" "मनगटात हाय." असं करत करत दुखणं बोटात आलं की बा म्हणायचे, "उतरला. आता घरी जा, मागं बघू नगं." मागं बघायचं नाही, आभार मानायचे नाहीत, काही द्यायचं नाही. दिलं तर मूळ बाटतं असं मामांनी सांगून ठेवलेलं. आमच्या घरचं पाणी ज्यांना चालायचं नाही अशी गावातली मोठमोठी माणसंही त्या ओट्यावर बसून रडलेली मी पाहिली आहेत. विंचू चढला की कुणाला काही आठवत नाही. उतरला की सगळं आठवतं आणि माणूस धोतर झटकून उठतो. बांना ते कळत नव्हतं असं नाही. पण गावाला आपल्या दारात यावंच लागतं, एवढी एक गोष्ट त्यांच्या हातात होती, आणि ती त्यांनी जिवापाड जपली होती.

लोक मला आजही विचारतात, की सुमनताई, तुम्ही एवढी वर्षं नर्स होता, तुमच्या वडिलांच्या मुळात काही गुण होता का? मला राग येतो या प्रश्नाचा. मोठ्या काळ्या विंचवाचं दुखणं माणसाला गडाबडा लोळवतं आणि काही वेळानं आपलं आपण कमी होतं. बांचा आवाज शांत होता, हात धीराचा होता, घाबरलेलं माणूस त्यांच्यापुढं बसलं की निम्मं तिथंच बरं व्हायचं. ही काही थोडी गोष्ट नाही. पुढचं उत्तर द्यायचं तर मला नंदाचं नाव घ्यावं लागतं. म्हणून मी विषय बदलते.

मी मॅट्रिक झाले आणि मुरुमच्या एका लहान दवाखान्यात कामाला लागले. तिथं नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या, बारीक चणीच्या, चष्म्याच्या, बोलायला फटकळ. आल्या त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांपुढं विंचू चावून दोन पोरं गेली, आणि विंचवानं माणूस मरतं कसं याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांनी मला एक जाड वही आखून दिली. नाव, वय, कुठं चावला, केव्हा चावला, आधी इलाज कुणी केला, दुखणं, घाम, उलटी, हातपाय गार की गरम, नाडी, श्वास, दवाखान्यात यायला उशीर झाला असेल तर कारण, आणि शेवटी काय झालं. दवाखान्यात येणाऱ्यांचं लिहायचंच, शिवाय आसपासच्या गावांत फिरून आधीच्या हकिकतीही गोळा करायच्या. लोक मारलेला विंचूही घेऊन यायचे, कुणी तांब्यात, कुणी रुमालात. एक म्हातारी तर नवऱ्याच्या चपलेला चिकटलेला विंचू चपलेसकट घेऊन आली आणि चपलेसाठी दिवसभर दारात बसून राहिली. बाई ते विंचू स्पिरिट घातलेल्या लोणच्याच्या बरण्यांत ठेवायच्या. एका बरणीत मोठे काळे, दुसरीत लहान तांबूस, गव्हाच्या रंगाचे. आमच्याकडं सगळे समजायचे की तांबूस ती पिल्लं आणि काळे ते बाप. मीही तेच समजत होते. बाईंनी दोन्ही बरण्या माझ्यापुढं ठेवल्या आणि म्हणाल्या, "हे पिल्लू नाही. ही जातच वेगळी. आणि माणसं मारतो तो हा."

रविवारी मी घरी जायची. घरी माझी वाट पाहणारं एक माणूस होतं, माझी धाकटी बहीण नंदा. नऊ वर्षांची, काडीसारखी आणि तोंडाला अजिबात खळ नसलेली. आमच्याकडं कानडी मुलूख जवळ, म्हणून ती मला अक्का म्हणायची. मी दुरून दिसले की ओढ्यापर्यंत पळत यायची आणि पहिलं विचारायची, "अक्का, किती इंचू आले?" माझी वही तिला तोंडपाठ होती. शेळीचं करडू ओट्यावर बसवायची, त्याचा पुढचा पाय हातात धरायची आणि माझ्यासारखा आवाज काढून विचारायची, "नाव? वय? कुठं चावला? दुखणं? घाम?" करडू बें करायचं. ती म्हणायची, "दुखणं लई," आणि पाटीवर लिहायची. माय हुलग्याचं माडगं ढवळता ढवळता हसायची. बांनाही हसू यायचं, पण ते दाखवायचे नाहीत. संध्याकाळी माडगं, ज्वारीची भाकरी आणि पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही चौघं ओट्यावर बसायचो. नंदा भाकरीचा पापुद्रा काढून आधी तेवढाच खायची. तो पापुद्रा मी आजही कुणाला देत नाही, स्वतःही खात नाही. ताटाच्या कडेला ठेवून देते. सुना म्हणतात, आईंची खोड आहे.

एका शनिवारी बाई बराच वेळ वहीची पानं मागंपुढं करत बसल्या होत्या. मग मला हाक मारून म्हणाल्या, "सुमन, हा दुखण्याचा रकाना बघ. जी माणसं ठो ठो बोंबलत आली ती सगळी घरी गेली. आणि जी दगावली, त्यांच्यापुढं तू काय लिहिलं आहेस?" मी पाहिलं. माझ्याच अक्षरात होतं. दुखणं थोडं. दुखणं नाही. आधी होतं, मग थांबलं. शेजारी घाम खूप, उलटी, हातपाय गार. मी इतके दिवस आडव्या ओळी लिहीत होते, उभं कधी वाचलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "दुखायचं थांबलं आणि अंग घामानं ओलं, हातपाय गार, तर त्या माणसाला घरी पाठवायचं नाही. विष काळजापर्यंत पोचलेलं असतं, छातीत पाणी भरायला लागतं. एक रक्तदाबाची गोळी मी देऊन बघते आहे, लवकर दिली तर उपयोग होतो असं वाटतंय. आणि अजून एक. जी दोघं-तिघं वाचली ना, बरं होताना त्यांचं दुखणं परत आलं. हातपाय गरम झाले आणि बोट दुखतंय म्हणून ती रडायला लागली."

दुसऱ्या दिवशी मी हे बांना सांगितलं. काय अक्कल म्हणायची माझी! ओट्यावर दोन माणसं बसलेली असताना सांगितलं. बांनी आधी ती माणसं वाटेला लावली. मग म्हणाले, "म्हंजी म्या उतरवलेलीच मरतेत व्हय?"

"तसं न्हाय बा. काळ्याचं येगळं हाय, तांबड्याचं येगळं..."

"दुखायचं थांबलं की मानूस बरं झालं, हे बारकं पोर बी सांगंल. तुजी डाक्तरीन म्हनती, दुखायचं थांबलं की मानूस मेलं. मग दवाखाना कशापायी काढलाय? दुखनं वाढवायला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "ह्या घरात ती वही आनू नगं," एवढं म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर तीन रविवार बा माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या ताटात भाकरी वाढली की नाही हे मात्र तिरक्या नजरेनं बघायचे.

चौथ्या रविवारी, उन्हं तापलेली असताना, मी भाकरी थापत होते. गोवऱ्या संपल्या म्हणून मी नंदाला म्हणाले, "जा, मागनं चार गोवऱ्या आन." मी म्हणाले. माय नव्हे. ती गेली आणि बोट तोंडात घालून परत आली. "अक्का, चावलं कायतरी." बा मागं पळाले. गोवऱ्या उसकटून त्यांनी दगडानं ठेचलेला विंचू काडीवर उचलून आणला आणि हसले. "लेकरू हाय इंचवाचं." तो लहान होता, गव्हाच्या रंगाचा. बरणीतल्यासारखा. मी पाहिला.

नंदा रडत होती, पण बांच्या पुढ्यात बसल्यावर तिला मजा वाटायला लागली. आजवर ती बघ्यांत उभी राहायची, आज ओट्यावर तिचा मान होता. बा मूळ फिरवत होते. "कुठवर हाय?" "खांद्यापातूर." "आता?" "कोपरात." "आता?" ती जरा थांबली, हात हलवून बघितला आणि तिचं तोंड उजळलं. "न्हाय की. कुठंच न्हाय!" आणि मग माझ्याकडं वळून, माझा आवाज काढून म्हणाली, "नाव नंदा. वय नऊ. उजव्या हाताचं बोट. दुखणं न्हाय!" माय खळखळून हसली. मीही हसले. हसत हसतच मी डंखाची जागा बघायला तिचा हात हातात घेतला. माझ्या बोटांना पीठ लागलेलं होतं, ते तिच्या मनगटाला चिकटून बसलं. हात ओलाचिंब होता. आणि गार होता, भर उन्हाळ्यात, चुलीशेजारी.

मी वर पाहिलं. बा नंदाकडं नव्हे, माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते म्हणाले, "आता लिव तुज्या वहीत." चिडून नव्हे, चेष्टेनं. तीन रविवार सोडून ते आज माझ्याशी बोलले होते. त्या चेहऱ्यापुढं, त्याच ओट्यावर दुसऱ्यांदा, "बा, हिला दवाखान्यात न्या," असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी मनाशी म्हणाले, ऊन आहे, घाबरली आहे, घाम येणारच. एवढ्या भाकरी होईपर्यंत बघू. आणि तोंडानं म्हणाले, "लिवते बा."

मी तव्यावरच्या भाकऱ्या किती झाल्या ते मोजलं नाही. नंदा भिंतीला टेकून बसली होती आणि कधी नव्हे ती गप्प होती. नंदा गप्प आहे, एवढं पुरे व्हायला हवं होतं मला. मग तिला उलटी झाली. मग दुसरी झाली. मग ती म्हणाली, "अक्का, छातीत घरघर वाजतंय," आणि खोकायला लागली. बा परत दिवळीकडं वळले तेव्हा मी किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही. शेजारची सायकल घेऊन बांनी तिला कॅरिअरवर बसवलं, मी मागून धरलं आणि आम्ही सडकेपर्यंत पळत गेलो. कांद्याच्या एका ट्रकवाल्यानं आम्हाला मुरुमला सोडलं. बाईंनी गोळी चुरून दिली, नळी लावली, तिला बसतं धरलं. नंदाच्या तोंडाला गुलाबी फेस येत होता. बाईंनी सवयीनं विचारलं, "चावला तेव्हा दुखत होतं?" आणि माझा चेहरा पाहून त्या थांबल्या. उत्तर बांनी दिलं. "न्हाय बाई. म्या उतरवला व्हता." दिवे लागायच्या आत नंदा गेली. तिच्या मनगटावर माझ्या पिठाची बोटं तशीच वाळलेली होती.

ओढ्याकाठी तिला पुरलं. मायनं कुणालाच बोल लावला नाही, नुसती वाळत गेली. बांचा हातोडा बंद झाला, आणि हातोड्याशिवायचं आमचं घर किती गप्प आहे ते मला तेव्हा कळलं. करडू ओट्यावर येऊन उभं राहायचं. बा एकदाच बोलले. मायला म्हणाले, "माज्या हातानं गेली पोरगी." मी दाराआड उभी होते. त्या वेळी पुढं होऊन म्हणायला हवं होतं की बा, तुमच्या एकट्याच्या हातानं नाही. मला हात गार लागला होता. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. दोन पावलांचं अंतर होतं. मी मागच्या दारानं बाहेर गेले.

आठवड्यानं दवाखान्यात गेले तर बाईंनी वहीत फक्त नंदाचं नाव लिहून बाकीची ओळ कोरी ठेवलेली होती. मला म्हणाल्या, "तुला जमेल तेव्हा. नाही जमलं तरी चालेल." मी त्याच दिवशी बसून सगळे रकाने भरले. इलाज कुणी केला, वडिलांनी. दुखणं, नाही. घाम खूप, हातपाय गार. उशिराच्या रकान्यात लोकांची कारणं असायची, ओढ्याला पाणी होतं, गाडी मिळाली नाही. त्या रकान्यात मी एक ओळ लिहिली आणि वही मिटली.

गावाला मात्र आमचं दार तोंडपाठ झालेलं. लोक येतच राहिले. बा मूळ काढायचे नाहीत, नुसते हातपाय चाचपायचे. माणूस तापलेल्या अंगानं बोंबलत असेल तर म्हणायचे, "रड बाबा, लई रड. काय व्हत न्हाय तुला." पावसाळ्याच्या तोंडाला गावातल्या एका बड्या घरची सून पोराला पदरात गुंडाळून आली. पोरगं तीनेक वर्षांचं. ती म्हणाली, "काका, आता रडायचं थांबलंय. उतरला वाटतं." बांनी पोराच्या तळव्याला हात लावला. मायनं मला नंतर सांगितलं की ते ओट्यावर मटकन बसले आणि तसेच उठले. पोरगं खांद्यावर टाकून अनवाणी सडकेकडं पळाले. सून मागून ओरडत होती, "काका, उतरलाय की वो!" बांनी मागं पाहिलं नाही.

ते दवाखान्यात आले तेव्हा मी टेबलाशी होते. बाईंनी गोळी दिली. आम्ही सगळे पोराचे हातपाय धरून बसलो, गरम होतायत का बघत. बा बाहेर लिंबाखाली उकिडवे बसले होते, आत यायला तयार नव्हते. संध्याकाळी पोरगं चुळबुळलं, बोट तोंडात घातलं आणि असं भोकाड पसरलं की रस्त्यावरची माणसं थांबली. मी बाहेर पळाले. बा उठून उभे होते. "रडतंय?" त्यांनी विचारलं. "व्हय बा." "दुखतंय म्हनतंय?" "व्हय बा. बोट दुखतंय म्हनतंय." नंदा गेल्यापासून बा रडले नव्हते. त्या लिंबाच्या बुडाला डोकं टेकवून ते त्या पोरापेक्षा मोठ्यानं रडले.

मग तोंड धुऊन आत आले आणि मला म्हणाले, "ती वही दाव." बांना वाचता येत नव्हतं. मी नंदाची ओळ काढून दिली. त्यांनी जाडजूड, चिरा पडलेलं बोट नावावर ठेवलं आणि हळूहळू पुढं सरकवत विचारायला लागले, हे काय, हे काय. मी वाचून दाखवत गेले. नाव नंदा. वय नऊ. उजव्या हाताचं बोट. इलाज, वडिलांनी. तिथं ते थांबले, मान हलवली, पुन्हा बोट सरकवलं. दुखणं नाही. घाम. हातपाय गार. बोट उशिराच्या रकान्यावर आलं आणि मी वाचायची थांबले.

"हितं तर लई लिवलंय," बा म्हणाले. "माजंच असंल." मी त्यांच्या बोटाकडं बघत राहिले. "खरं लिवलंस न्हवं? बाईला खरंच लागतंय. त्यावरच दुसऱ्यांची लेकरं वाचत्यात."

"व्हय बा. खरं लिवलंय."

"मग झालं," ते म्हणाले. पुढं ते कितीतरी वर्षं जगले आणि तिथं आपलंच लिहिलंय असं समजून गेले. त्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'घरात असलेल्या मोठ्या बहिणीला हात गार लागला होता. ती बोलली नाही.' बांचं बोट त्याच शब्दांवर होतं.